उलट्या गाडीतला स्टिरिओ

– हॅलो? … कोण? … अहो ताई, तुम्ही होय! … नाही, नाही, झोपले नव्हते. जरा आडवी होते. म्हणजे… बोला ना, बोला.

आडवी म्हणणं हेसुद्धा कौतुकच होतं. सूनबाई उलटी लटकली होती. पाय सीटच्या पाठीवर, कंबर सीटवर आणि डोकं खाली, जिथे एरवी माणसाचे बूट असतात तिथे. कपाळाला दवाखान्यातल्या दिव्याचा पट्टा, आणि त्याच पट्ट्यात कानाशी खोचलेला फोन. एका हातात दात कोरायचं ड्रिल, दुसऱ्या हातात तोंडात घालून दाढा बघायचा चिमुकला आरसा. धंद्याने ती दातांची डॉक्टर. आज मात्र जबडा गाडीचा होता: सासूबाईंच्या हिरव्या, बुटक्या, दोनच सीटांच्या, कापडी छपराच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा.

– तो आवाज? … ड्रिलचा, ताई. … हो, पेशंट आहे ना. … हो हो, रविवारी. अगदी तातडीची केस आली.

सासूबाई चालकाच्या सीटवर ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी गॅरेजमध्ये, इंजिन बंद, समोर रंगाचे डबे आणि मोडकी इस्त्रीची फळी. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, कोण? सूनबाईने आरशानेच खूण केली: तुमची लेक. सासूबाईंनी घाईघाईने काच वर केली. छप्पर उघडंच होतं, त्यामुळे तिचा उपयोग काही झाला नाही.

– वय? पेशंटचं? … असेल साठीच्या आसपास. … नाही, दुखत काही नाही त्याला. बरीच वर्षं बोलणं बंद आहे. … अहो म्हणजे, जुनं काढून नवीन बसवायचंय. पण भोक लहान पडतंय. … तोंड! तोंड लहान आहे म्हटलं त्याचं. … हो, भूल दिलीय. पण मधला भाग लाकडाचा आहे ना, तो… … लाकूड? मी म्हणाले लाकूड? नाही हो.

आता हे खोटं कशासाठी, ते आधी सांगून टाकलेलं बरं.

ताई म्हणजे सूनबाईच्या नणंद, सासूबाईंची थोरली लेक, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे मुलांचे बापसुद्धा हात मागे बांधून उभे राहतात. मध्यंतरी सासूबाई ह्याच गाडीने थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात शिरल्या, आणि ताईंनी फर्मान काढलं: गाडी विकायची. नुसतं फर्मान काढून त्या थांबल्या नाहीत. जुन्या गाड्या गोळा करणारे एक गृहस्थ त्यांनी गाठले, बोलणी केली आणि आईला उभं करून विचारलं, आई, चालेल ना? सासूबाई म्हणाल्या, बरं. ते गृहस्थ आज संध्याकाळी ताईंसोबत गाडी न्यायला येणार होते. त्यांची अट एकच: कारखान्यातून बाहेर पडली तशी हवी. नवं भोक एकही नको.

आणि ताई गेल्या त्याच दिवशी सासूबाई सूनबाईच्या दवाखान्यात आल्या, पेशंटच्या खुर्चीत आडव्या झाल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "मला तिला नाही म्हणता येत नाही गं. पण तो माणूसच नाही म्हणाला तर?" मग पुढे, "ह्या गाडीत मला तसंही गाणं ऐकायचंय एकदा. तुझ्या सासऱ्यांनी जन्मभर इंजिनच ऐकवलं."

जुना रेडिओ सासऱ्यांच्या हयातीतच मुका झाला होता. लाकडी डॅशबोर्डच्या फळीत दोन गोल बटणं आणि मधे बोटभर फट, एवढीच त्याची जागा. नवा स्टिरिओ चांगला खोक्यासारखा. म्हणजे मधलं लाकूड उडवणं आलं. म्हणून ड्रिल.

– तुमचे भाऊ? … ते दूध आणायला गेलेत. … सकाळी. … हो, अजून. … तुम्ही येणार हे कळल्यापासून ह्या घरात दूध फार लागतंय, ताई.

एवढं मात्र खरं होतं. नवरा ड्रिल बघून गेला तो गेलाच.

– नाही नाही, लक्षात आहे संध्याकाळचं. … हो, पुसून ठेवते. … कागदपत्रं काढून ठेवते. … आई? आई मजेत आहेत. वाचत बसल्यात. … गाडीचं? नाही, काहीच बोलल्या नाहीत. मनाची तयारी झालीय वाटतं त्यांची. अगदी शांत…

लाकडाचा बारीक भुसा बराच वेळ हवेत तरंगत होता. तो सासूबाईंच्या नाकात गेला. त्यांनी नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले, मान मागे नेली, आणि जी शिंक दिली तिच्या धक्क्याने कपाळ सरळ हॉर्नवर आपटलं. त्या गाडीचा हॉर्न म्हणजे कुणीतरी बदकाच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा. दोन सुरांत. गावात तसा दुसरा नव्हता.

– … हॉर्न? कसला हॉर्न? … बाहेरून गेली असेल एखादी… … हो. … हो, कबूल, तसा दुसऱ्या कुणाचा नाही. … हो ताई. गाडीतच आहे मी. … आईपण आहेत. त्यांना शिंक आली. … नाही, पेशंट नाही. … म्हणजे तसा आहे, पण तो रेडिओ आहे.

सासूबाई कपाळ चोळत समोरच्या इस्त्रीच्या फळीकडे बघत राहिल्या, रस्ता असल्यासारखं.

– कापलं. … हो, डॅशबोर्डच. … किती म्हणजे? अंगठ्याएवढं. … माझ्या अंगठ्याएवढं. … बरं, दोन अंगठे. … अहो ताई, ऐका ना… ताई, श्वास घ्या आधी. … हो, माहितीये मला, बाबा स्वतः पॉलिश करायचे. दर रविवारी. माझ्याशी आयुष्यात जेवढं बोलले त्याहून जास्त ते त्या फळीशी बोलले. … नाही, चेष्टा नाही करत. … खरंच नाही.

– कशाला म्हणजे? आईंना गाणी ऐकायचीत. … हो, आजच. … आजच सुचलं, त्याला मी काय करू! … चालेल ना त्यांना. त्या गृहस्थांना म्हणते मी. उलट फुकटात स्टिरिओ मिळतोय… … नाही चालणार? … एक भोकसुद्धा? … अरे बापरे. मला कुठे माहीत.

तिला माहीत होतं हे पलीकडे कळायला फार वेळ लागला नाही. फोनमध्ये एकदम शांतता. वर्गात ताई शिरल्यावर व्हावी तशी.

– ताई? … आहात का? … … कट? छे, कट कसला! … … बरं, थोडासा. … कल्पना कुणाची?

सासूबाईंनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले. आपली सासू आपल्यापुढे हात जोडते, हे दृश्य सूनबाई लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होती, आणि तेही उलटं.

– माझी. … हो, माझीच. आईंना तर काही माहीत नाही. त्या नुसत्या बसल्यात. … हो, बोला. बोला, मी ऐकतेय. … हो. … बरोबर आहे. … नाही, माझ्या माहेरी असं शिकवलेलं नाही. … हो, नाक खुपसलं. …

बोलणी खाता खाता तिचे हात मात्र चालू होते. ती सवय धंद्याची. वायरी जुन्या, वरचं रबर बिस्किटासारखं कुस्करत होतं. गेला आठवडाभर पेशंटच्या मधल्या वेळेत तिने डझनभर व्हिडिओ बघितले होते आणि प्रत्येकात एकच सांगत होते: काळी वायर गाडीच्या बॉडीला, लाल वायर किल्लीकडून येणाऱ्या करंटला. तिने फळीमागचा रंग खरवडून पत्रा चकचकीत काढला आणि काळी त्याला स्क्रूने आवळली. लाल जोडली. दारांतले स्पीकर कालच बसले होते. स्टिरिओ त्याच्या नव्या भोकात अलगद सरकवला. रूट कॅनालवर टोपी बसावी तसा बसला.

तिला म्हणायचं होतं, आई, मी सांगेपर्यंत किल्लीला हात लावू नका. पण ताई तेव्हा संस्कारांवर आल्या होत्या आणि त्यांना मधेच तोडायची सूनबाईची हिंमत नव्हती. इकडे सासूबाईंना लेकीची बोलणी सून खातेय हे बघवेना. हातांना काहीतरी काम हवं होतं. त्यांनी किल्ली फिरवली.

फट्.

– काही नाही, काही नाही! ताई, तुमचं चालू द्या. … नाही, वास नाही. फोनवरून वास कसा येईल तुम्हाला? … मीच म्हणाले 'धूर'? … हो. आहे. थोडासा. … निळा. … आई! आई, उतरा गाडीतून!

"मी नाही उतरत," सासूबाई म्हणाल्या. "उतरले की ती विकेल."

– ताई, त्या उतरत नाहीत! … काय? … बॅटरी! कुठे आहे बॅटरी? … सीटच्या मागे… गालिचा… हो, उचलला… झाकण… अहो ऐकतेय ना, पण मला आधी सुलट तर होऊ द्या!

सूनबाई सुलटी झाली. म्हणजे गुडघा गिअरवर, कोपर सासूबाईंच्या मांडीत, आणि मग सीटच्या पाठीवरून तोंडघशी मागच्या बोळकांडीत. फोन पट्ट्यात तसाच.

– दिसली! पाना आहे, हातातच आहे. … काढते, काळी काढते आधी. … लाल? … नाही हो, सगळीकडे सांगतात, आधी काळी… … बरं बरं, लाल! ओरडू नका, काढते लाल!

काढली. धुराने दोन गिरक्या घेतल्या आणि उघड्या छपरातून निघून गेला. फळीमागे एक वायर वितळून मेणबत्तीसारखी वाकली होती. बाकी सगळं जागेवर. सासूबाईही.

– गेला. … हो, गेला धूर. … आई ठीक आहेत. … चेहरा? तुमच्यासारखाच. काही झालंच नाही असा. … नाही, भाजलं नाही कुणाला. … … आता मला एक सांगा, लाल का? … … कोण उलटी? … गाडी?

तिने बॅटरीशेजारीच मांडी घातली.

– थांबा, थांबा, मला नीट समजू द्या. सगळ्या गाड्यांत बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते. … आणि हिच्यात प्लसला? … म्हणजे हा अख्खा पत्रा… हे दार, ही दांडी, हे सगळं प्लस? … मुद्दाम? … कारखान्यातूनच तशी? … अच्छा, तेव्हा काही कंपन्यांची पद्धतच होती. … आणि मी आपली सरळ गाडी समजून… … बरोबर. अगदी उलटं जोडलं. म्हणून. … आणि हे मला ह्या घरात इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही? … हो, मी विचारलं नाही, खरंय. जेवताना कोण विचारतं असलं?

– तुम्हाला कसं माहीत पण? … टॉर्च धरायचात? … बाबांना? … कितीव्या वर्षी? … आणि तुमचे भाऊ? … तेव्हाही दूध! … हॅ हॅ हॅ… नाही, सॉरी. … तुम्ही पण हसलात ना? … बरं, नाही हसलात.

सासूबाई मागे वळून कुजबुजल्या, "हसली का गं?" सूनबाईने बोटाच्या पेराएवढं दाखवलं.

– काढून टाकू? सगळं? … टाकते की. आत्ता काढते. … पण भोक राहील, ताई. ते काही मला काढता यायचं नाही. … राहू दे? … बरं. वितळलेली वायर तशीच लोंबत ठेवते, दातात पालेभाजीची काडी अडकावी तशी, आणि त्या गृहस्थांना दाखवते. … जळका डागही दिसू दे. … काय? … नाही बघवणार? … मला तरी कुठे बघवतंय. अर्धवट दात कोरून पेशंट घरी पाठवल्यासारखं वाटतंय. … … मग सांगा तुम्ही. … हो. … हो, परत आत घुसते. थांबा.

ती पुन्हा उलटी झाली. पलीकडची मुख्याध्यापिका मधल्या वेळात कुठेतरी उठून गेली होती आणि तिच्या जागी दुसरंच कुणीतरी येऊन बसलं होतं, आवाज तोच, पण भरभर, उतावीळ, शब्दांच्या शेपट्या गिळणारा.

– वायर बदलली. … हो, जाड घेतली. … लाल बॉडीला. बापरे, लाल वायर पत्र्याला लावताना पाप केल्यासारखं वाटतंय. … लावली. … काळी करंटला. … मधे फ्यूज. आहे ना फ्यूज, खोक्यात एक जादा दिलाय. दुकानदाराला माणसं कळतात. … आता सरकवू? … का नको? … हं… हं… म्हणजे स्टिरिओचा पत्र्याचा डबा आतून काळ्याला जोडलेला. आणि तो गाडीला टेकला की… पुन्हा फट्. कळलं! म्हणजे त्याला कुठेच टेकू द्यायचं नाही. रबरात गुंडाळायचा. … रबर कुठून आणू? ताई, मी दातांची डॉक्टर आहे. माझ्याकडे रबराला काय तोटा!

"आई, ती निळी पिशवी द्या." पिशवीतून दाताभोवती ताणून बसवायचं पातळ रबर निघालं, त्याचे थरावर थर बसले. वरून एक मोठ्यातला मोठा हातमोजा चढवला, पुढचा भाग कापून. मागे बोटं राहिली ती राहिलीच. पाचही लोंबायला लागली, गाईच्या सडांसारखी.

"हे काय गं बाई," सासूबाई म्हणाल्या, "दूध देईल का आता हा?"

– नाही, काही नाही, आई दुधाची चौकशी करतायत. … एरियलची वायर? ती नाही जोडायची? … तिच्यावरची जाळी गाडीला टेकलेली असते… हां, म्हणजे पुन्हा तेच. नाही जोडत. … मग रेडिओ नाही लागणार. … नाही लागला तर नाही लागला, फोनवरून गाणी लागतात ह्याच्यावर. … स्क्रू शेवटी मारते. आधी लागतो का बघू. … आई, लाल लावा बॅटरीला. … ताई म्हणतायत घट्ट. … अजून घट्ट. … आई, ताई म्हणतायत तुम्हाला येतं, उगाच नाटकं करू नका.

सासूबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत परत चालकाच्या सीटवर आल्या.

– आता फिरवा किल्ली. … आई, मघाशी सांगितलं नव्हतं तेव्हा फिरवलीत, आता सांगतेय तर हात मागे? फिरवा!

किल्ली फिरली. मग फळीत निळा दिवा लुकलुकला, अक्षरं सरकत गेली, आणि स्टिरिओ जिवंत झाला.

– लागला! ताई, लागला! … नाही, धूर नाही. … वासही नाही. … हो, हात लावून बघितला, गार आहे. … तुम्ही ओरडलात का आत्ता 'येस' म्हणून? … शेजारून आलं? बरं.

स्टिरिओ अजून स्क्रूवाचून अधांतरी होता. सूनबाईने तो एका हाताने खालून तोलला. डोक्यात रक्त उतरलेलं, काम फत्ते झालेलं. अशा वेळी माणूस नको ते विचारतो.

– ताई, एक विचारू? रागावू नका. … तुम्हाला ही गाडी अशी पाठ आहे. अंधारात सांगता कुठे काय आहे ते. मग विकायच्या मागे एवढ्या का लागलात? … कुंपणाचं नका सांगू. कुंपण मी बघितलंय, ते आधीच पडायला आलं होतं. … नाही, खरं सांगा. … थांबा, तुम्ही बोला हं, मी फोन जरा पट्ट्यातून काढते, ह्याला जोडून ठेवते म्हणजे आईंना गाणं लावता येईल… हो हो, ऐकतेय, बोला…

तिने फोनवर 'जोडा' दाबलं. स्टिरिओने विचारलं, जोडू? तिने 'हो' दाबलं. बोलणं चालू असलेला फोन स्टिरिओला जोडला तर बोलणंही त्याच्यासोबत जातं, हे सुलट्या माणसाला लगेच सुचलं असतं.

दोन्ही दारांतून ताई बोलायला लागल्या.

आवाज पूर्ण वर होता. गॅरेजचा पत्रा थरारला, समोरचे रंगाचे डबे एकमेकांना लागले. ताई कुणाला तरी एकट्यालाच सांगावं तसं हळू बोलत होत्या, आणि ते हळू बोलणं गॅरेजभर घुमत होतं. सूनबाईने तोंड उघडलं. सासूबाईंनी वाकून त्यावर हात ठेवला. ताईंचं बोलणं थोडा वेळ तसंच चालू राहिलं. मग सासूबाई समोरच्या निळ्या दिव्याशी बोलल्या.

– ऐकू येतंय मला. … मी. आई. … ती इथेच आहे, तिचं तोंड मी धरलंय. … नाही, आता गप्प होऊ नकोस. अर्धं ऐकलं मी. फोन वाजला की काय होतं तुला? … पोटात गोळा. … कुणाचाही वाजला तरी? … वर्गात शिकवतानाही? … तुला वाटतं, मीच कुठेतरी गाडीखाली… गाडीत… … आणि माझा नसला म्हणजे? … … बाथरूममध्ये जाऊन रडतेस? तू? … अगं चिमे.

शाळेतल्या कुणालाही हे नाव माहीत नव्हतं. सूनबाईलाही नव्हतं.

– नाही, मला कुणी सांगितलं नाही हे. … तू सांगितलं नाहीस. तू येतेस आणि चाव्या मागतेस. … हो. … हो, कळलं. … आता माझं ऐक. आणि मधे बोलू नकोस, इथे तुझा आवाज फार मोठा येतो. … ते कुंपण. मी म्हणाले ना, कुत्रं आडवं आलं. कुत्रंबित्रं नव्हतं. … मांजरही नव्हतं. चष्मा घरी होता. … विसरले नव्हते, घेतला नव्हता. चष्म्यात मी म्हातारी दिसते. … हो, ह्या वयात! … हसतेस काय? … घालीन. … घालीन म्हटलं ना. … डोळे पण तपासते, चल. आणि डॉक्टर नको म्हणाला तर किल्ली तुझ्या हातात देईन. त्याच्या म्हणण्यावर. तुझ्या नाही.

त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. पुढचं वळण अवघड असावं तसं.

– आणि दुसरं. गाडी मी विकत नाही. … नाही. … हो, 'बरं' म्हणाले होते. तू समोर उभी राहिलीस की मला पाढे विचारल्यासारखं होतं, मी आपली हो म्हणून मोकळी होते. … ह्या स्टिरिओचं खूळ माझं आहे. तिचं नाही, ती उगाच स्वतःवर घेतेय. भोक तिने पाडलं, आणि वाकडं पाडलंय, पण डोकं माझं. … म्हणजे तो माणूस नाही म्हणेल आणि मला म्हणावं लागणार नाही. … हो, भित्रेपणाच. दुसरं काय म्हणणार त्याला? … … तुझी भीती मला घालवता येणार नाही, चिमे. मलाही वाटते. प्रत्येक वळणावर वाटते. म्हणून तर हळू… … बरं, हळू नाही. पण वाटते. … … तरीही नाही. … नाही विकायची. … बोल ना काहीतरी. … बोल की गं.

सासूबाईंना फोन कसा ठेवायचा ते कळेना. त्यांनी गोल बटण दाबलं. दिवा जांभळा झाला. पुन्हा दाबलं, हिरवा झाला. शेवटी त्यांनी सरळ किल्ली फिरवून सगळंच बंद केलं.

"बोलले," त्या म्हणाल्या. "बोलले बाई एकदाची." मग काचेतून बाहेर बघत, "पोटात गोळा येतो म्हणे. आणि मी इथे भोकं पाडून घेत बसले. गाडी नाहीच देणार मी. पण आता वळणावळणाला तिचा तो गोळा आठवणार मला, मेला." त्यांनी पिशवीतल्या उरलेल्या हातमोज्याने डोळे पुसले. रबराने काही पुसलं जाईना. "चहा टाकते," म्हणाल्या, आणि दार उघडून आत गेल्या.

सूनबाई तशीच, दोन्ही हातांवर स्टिरिओ तोलून. सोडला तर वायरीवर लटकणार आणि मोजा सुटला तर पुन्हा फट्. फोन पोटावर पडला होता. तो उजळलेला होता, आणि त्यातून बारीक आवाज येत होता. स्टिरिओ बंद झाल्यावर बोलणं आपल्या घरी, फोनमध्ये परतलं होतं. उलटं असण्याचा हा एक फायदा: थोडं हललं की फोन पोटावरून घसरत घसरत आपोआप कानाशी.

– हॅलो? … ताई? अहो, तुम्ही अजून… … सगळं ऐकलंत? … 'मेला' पर्यंत? … नाही, त्यांना वाटतंय बंद झाला. … आत गेल्या. … रडत नाहीत. म्हणजे, रबराने पुसतायत. … बरं. … नाही, मी काही बोलणार नाही. मी आधीच फार बोलले. तुमचं तुम्ही ठरवा. … … काय? … नाही विकायची? … नक्की? … ताई, तुमचा आवाज… … खोकला. बरं, खोकला.

– गोळा? … तो येणारच ना. त्याला माझ्याकडे औषध नाही, मी फक्त दातांची. … हो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी घेऊन जाते त्यांना. … तुम्हाला यायचंय? … या की.

– आणि संध्याकाळचं? … मी? मी का सांगू त्या गृहस्थांना? … भोक पडलंय म्हणून? … अहो पण तेच तर आई करत होत्या! भोकावर ढकलायचं. … नाही. मी नाही फोन लावणार. … तुमचे भाऊ? ते दूध आणतायत, ताई. … जड जातंय? तुम्हाला? … आत्ता ऐकलंत ना, पंचाहत्तरीची बाई लेकीला कसं सांगते ते? … मग? … म्हणून बघा एकदा. माझ्यापुढे. … नाही नाही, 'खरं तर असं आहे की' नको. नुसतं 'नाही', तेवढंच. … मोठ्याने. … अजून. … हां! असं! … आता लावा त्यांना. … आत्ता. … मी नाही ठेवू शकत, माझे दोन्ही हात अडकलेत. तुम्हीच ठेवा. … ठेवा ना. … ताई, ठेवा. …

– हॅलो? …

– ताई? …

– ठेवला.